खाड्याचा हिशेब

24 मार्च 2020 रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील गळीत हंगाम उतरणीला लागला होता. बीडकडून, तसेच जत आणि माणसारख्या दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या ऊसतोडणीच्या टोळ्या पट्टा पडण्याची वाट पाहत होत्या. आदल्याच दिवशी इस्लामपुरात एकाच कुटुंबातील चौघे बाधित निघाले होते आणि वाळव्याचा सारा परिसर धास्तावला होता. साखर ही जीवनावश्यक वस्तू असल्याने कारखान्यांची धुराडी मात्र बंद झाली नाहीत. शहर घरात बसले, फडात कोयता चालूच राहिला.

घरात थांबा, अंतर राखा, हात धुवा, लक्षणे दिसताच कळवा, असे नियम होते. नियम योग्यच होते. पण ते पक्क्या घराकडे पाहून लिहिलेले होते. पाचट आणि ताडपत्रीच्या खोपीत पाच माणसे निजतात, आणि पाणी सगळ्या तळाला मिळून एका ठिकाणी. शिवाय या व्यवसायात माणूस एकटा मोजलाच जात नाही. नवराबायको मिळून एक कोयता. त्यात अंतर कोणी कोणापासून राखावे?

खरी अडचण चौथ्या नियमाची होती. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल तोडलेल्या टनांतून फिटते. जोडीतील एक जण आजारी पडला की त्या दिवसाचा खाडा. अनेक टोळ्यांत त्यापोटी दिवसाला 500 रुपयांपर्यंत रक्कम कापली जाते. मजुरी गेली ती वेगळीच. अशा करारात ताप सांगणे म्हणजे स्वतःच्या खात्यावर नावे रक्कम टाकून घेणे. बीडमधील तोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यापुढे आला, तेव्हाही खाड्याची हीच धास्ती चर्चेत होती. चौदा दिवसांचे विलगीकरण हा चौदा दिवसांचा खाडा ठरतो, हे नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानी आलेले दिसत नाही.

27 मार्च 2020 रोजी रिझर्व्ह बँकेने मुदत कर्जांच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत देण्याची मुभा बँकांना दिली आणि पुढे ती वाढवली. पेठेतील अनेक व्यापाऱ्यांनी तिचा लाभ घेतला. त्यात गैर काही नव्हते. उचल हेही कर्जच आहे. परंतु ते कोणत्याही बँकेच्या वहीत नसल्याने त्याला सवलतीचा कागद लागू झाला नाही.

17 एप्रिलला राज्य शासनाने अडकलेल्या मजुरांना गावी जाण्याची परवानगी दिली. त्या वेळी राज्यभरात 38 कारखान्यांच्या तळांवर सुमारे 1 लाख 31 हजार मजूर होते. मजूर आणि त्यांच्या कुटुंबीयांची आरोग्य तपासणी करण्याची जबाबदारी कारखान्यांवर टाकण्यात आली. त्या आदेशाचे मोल इथे आहे: सुरक्षिततेचा खर्च प्रथमच मजुराच्या डोक्यावरून उतरून मालकाच्या खाती आला.

पुढे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घेण्याचे ठरले. या निधीतून आजारपणाच्या दिवसांची भरपाई देता येईल. मात्र टोळीच्या करारात वैद्यकीय दाखल्यावरील रजेला खाडा धरू नये, असे कलम आधी लिहून घ्यावे लागेल. आणि ते उचल देण्याच्या वेळी, म्हणजे हंगाम सुरू होण्यापूर्वीच लिहिले जायला हवे.