हिरवं रक्त, खरी मजा

केज, गेवराई, परळी, आष्टी. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी फोन आडवे धरून बसलेली पोरं दिसतात. बोटं चालू असतातच, पण नीट पाहिलं तर मनगटंही हलत असतात. बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये बंदूक चालवली की नळी झटक्यानं वर जाते. ती खाली आणायला मुरलेला खेळाडू अख्खा फोनच किंचित पुढे झुकवतो. फोन किती आणि कोणत्या बाजूला वळला हे मोजणारी जायरोस्कोपची बारीकशी चिप हा सगळा खेळ घडवते. अनेक स्वस्त फोनमध्ये ती नसते, म्हणून नवा फोन घेताना ‘जायरो आहे का?’ हा प्रश्न कॅमेऱ्याच्याही आधी येतो.

ही गंमत मोबाइलनं शोधलेली नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं २००६ साली ‘वी’ हे यंत्र आणलं आणि हात हलवून खेळायचा रिमोट जगभर घरोघरी पोहोचवला. त्या पहिल्या रिमोटमध्ये जायरोस्कोप नव्हता. तो २००९ साली वेगळा जोड म्हणून मिळू लागला. टेनिस आणि बोलिंग खेळायला आजी-आजोबांनाही उठवणारं हे यंत्र. त्याच यंत्रावर २००७च्या डिसेंबरात गोइची सुदा या दिग्दर्शकाचा ‘नो मोअर हिरोज’ आला. नायक ट्रॅव्हिस टचडाउन हा भाडोत्री मारेकरी. त्याच्या हाती प्रकाशाची तलवार. तिची बॅटरी संपली की खेळणाऱ्यानं रिमोट गदगदा हलवायचा, तेव्हा ती पुन्हा पेटते. शेवटचा घाव पडद्यावरच्या बाणाच्या दिशेनं हात फिरवूनच घालायचा. मग, अमेरिकी आवृत्तीत तरी, रक्ताची कारंजी. मध्येच ट्रॅव्हिस कुस्तीचे डावही टाकतो, कारण सुदा यांनी आपली कारकीर्द कुस्तीच्या गेमपासूनच सुरू केली होती. राहुल आवारेसारखा जागतिक स्पर्धेत पदक मिळवणारा मल्ल देणाऱ्या पाटोद्याच्या मुलखाला तरी ही आवड परकी वाटायला नको.

हे सगळं अतिरंजित आहे, आणि मजा नेमकी तिथेच आहे. माणसाच्या अंगात असतं त्याच्या कितीतरी पट रक्त उडालं, की पाहणाऱ्याचं मन ते खरं मानत नाही. ते तमाशा म्हणून बघतं. त्यात हात हलवायचा असेल तर खेळणाऱ्याला आपलं शरीरही विसरता येत नाही. तो घामाघूम होतो, दमतो, हसतो, शेजारच्याला कोपर लागलं तर थांबून माफी मागतो. निव्वळ बटणं दाबत तासन् तास गढून जाण्यापेक्षा हे खेळपण जास्त उघडं आहे.

मराठी माणसाला तर हा रस नवा नाहीच. अगिनदासानं सतराव्या शतकात अफझलखानाच्या वधावर पोवाडा रचला. आजही वधाच्या प्रसंगाला डफाची लय चढते, शाहिराचा हात हवेत फिरतो, समोरची पोरं जागची उठतात. घरी जाताना त्यातलं कुणी वाघनखं शोधत नाही.

शास्त्र काय सांगतं? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास केला. मुलांच्या वागण्याबद्दल त्यांच्या पालकांनाही विचारलं. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यात आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची २०२०ची भूमिका थोडी वेगळी आहे, तीही प्रामाणिकपणे सांगायला हवी. आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकतेशी लहानसा संबंध दिसतो, असं ती म्हणते. पण प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा आधार नाही, असंही तिनं बजावलं आहे.

आणि बीडला तर हिंसा कुठून येते हे शिकवायला कुठल्या अभ्यासाची गरज पडू नये. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांची हत्या झाली. तपास यंत्रणेनं त्यामागे पवनचक्की कंपनीकडून मागितलेल्या खंडणीचा वाद असल्याचं म्हटलं. २०२५च्या मार्चमध्ये त्या छळाची छायाचित्रं फोनाफोनांवर फिरली आणि महाराष्ट्र हादरला. गेम खेळला जातो त्याच पडद्यावर ती आली होती, पण ती पाहून एकालाही मजा वाटली नाही. पोटात गोळा आला, झोप उडाली, माणसं रस्त्यावर उतरली. खेळातला मार आणि माणसाला बसणारा मार यांतला फरक हा जिल्हा पुरेपूर ओळखतो. हत्येनंतर प्रशासनाला जिल्ह्यातले शस्त्रपरवाने तपासून अनेक परवाने रद्द करावे लागले. कमरेला खरं पिस्तूल लावून रील टाकणाऱ्याला मिळणारा मान हा खरा धोका आहे. त्याच्याकडे काणाडोळा करून टपरीवरच्या पोराच्या हातातला फोन हिसकावणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं.

असं आपल्याकडे घडलंही आहे. २०१९च्या मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी पबजी हा मोबाइल गेम खेळल्याबद्दल तरुणांना चक्क अटक केली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रानं पबजी मोबाइलसह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. पण कारण होतं देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती, मारामारी नव्हे. पुढच्याच वर्षी तो खेळ बीजीएमआय म्हणून परतला, तेव्हा गोळी लागली की हिरवा रंग उडू लागला. रंग बदलल्यानं खेळाची ओढ कमी झाली नाही, कारण ती रक्ताची नव्हतीच. चार मित्रांनी मिळून शेवटपर्यंत टिकायचं, ही ती ओढ.

काळजी करायची तर दोन गोष्टींची करावी. पहिली पैशांची. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेनं २०२५च्या ऑगस्टमध्ये कायद्यानं बंदी आणली, ते योग्यच झालं. त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, तेही योग्य. रक्ताचा एक थेंबही न दाखवणारी रमी घर बुडवू शकते. दुसरी काळजी वेळेची आणि वयाची. ‘नो मोअर हिरोज’ला अमेरिकेत १७ वर्षांपुढच्यांसाठीचा शिक्का आहे, दहा वर्षांच्या मुलाच्या हाती तो देणं चूकच. बीडमध्ये हा प्रश्न जास्त अवघड आहे. दिवाळीच्या आसपास आईबाप ऊसतोडीला जातात, पोरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. रात्री अकराला फोन ठेव म्हणणारं माणूस शेकडो किलोमीटर दूर, कुणाच्या तरी फडात असतं.

या मुलांसाठी काही करायचंच असेल, तर वसतिगृहात संध्याकाळचा एक तास, एक टीव्ही आणि हात हलवून खेळायचं एक यंत्र द्यावं. लहानांना टेनिस, मोठ्यांना वयाला शोभेल अशी तलवारबाजी, आणि शेजारी बसायला एक शिक्षक. खेळ कसला आहे, कुठे थांबायचं, हे त्या शिक्षकालाही मग स्वतः खेळूनच कळेल.