सरासरीत हरवलेल्या वस्त्या

झाशी जिल्ह्यातलं मोठ हे नगर पंचायतीचं छोटं गाव. तरीही जनगणनेत त्याची लोकसंख्या, साक्षरता, स्त्री-पुरुष प्रमाण स्वतंत्र नोंदलेलं सापडतं. मुंबईत २०११ साली १ कोटी २४ लाखांवर माणसं मोजली गेली. पण तिच्याबद्दलची बरीचशी सरकारी आकडेवारी शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांपाशीच थांबते.

महापालिकेच्या जी-उत्तर विभागात शिवाजी पार्क आहे आणि धारावीही. दोघांची एकत्र सरासरी काढली, तर ती कुणाचंच जगणं सांगत नाही. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालाने विभागवार मांडणी केली, तेव्हा गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग तळाशी असल्याचं आकड्यांनिशी दिसलं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०११पासून तिथे हाती घेतलेल्या कामालाही अशा तपशिलाचाच आधार लागतो.

दवाखाना, शाळा, नळजोडणी कुठे हवी, हे जिल्ह्याची सरासरी सांगू शकत नाही. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: २०२७च्या जनगणनेचे आकडे प्रभागनिहाय, वस्तीनिहाय, वेळेवर आणि मराठीतून जाहीर व्हावेत. आपल्या वस्तीचे आकडे हाती असलेला नागरिक नगरसेवकाला नेमका प्रश्न विचारू शकतो. तो त्याचा हक्क आहे.