पुस्तक स्कॅन केलं आणि हरवलं!

अमुक ग्रंथालयाची इतकी लाख पानं स्कॅन झाली, अशी बातमी आली की आपल्याकडे टाळ्या वाजतात. माझा मात्र एकच प्रश्न असतो : नोंदी कोणी केल्या?

नोंद म्हणजेच मेटाडेटा. पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवादक, आवृत्ती, साल, विषय. जुन्या लायब्ररीच्या लाकडी खणातलं कार्ड आठवा, तेच हे. वेबसाठी अशा रकान्यांची यादी करायला १९९५ साली अमेरिकेतल्या डब्लिन, ओहायो इथे मंडळी जमली, त्यातून 'डब्लिन कोअर' आलं. आपल्या 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'नेही हेच रकाने घेतले. पण ते नीट भरायचे कोणी? तिथली कितीतरी मराठी पुस्तकं आज इंटरनेट अर्काइव्हवर आहेत, नावं मोडक्यातोडक्या रोमन लिपीत! देवनागरीत शोधलं तर बऱ्याचदा हाती काही लागत नाही. मग टायपिंग करणाऱ्याने काय स्पेलिंग केलं असेल, याचे अंदाज बांधत बसा.

"आता एआय आहे की, नोंदी कशाला?" हे ठरलेलं उत्तर. अहो, मी इंजिनियर आहे, मशीनशी माझं वैर नाही. पण पानावरचं 'शके १८००' म्हणजे इसवी १८७८, ही चूक झाली तर पकडणार कोण? केशवकुमार म्हणजेच प्र. के. अत्रे, हे कवितेच्या पानावर छापलेलं नसतं. ते जाणकार ग्रंथपाल जोडून ठेवतो. गूगल बुक्सचंही इथेच हसं झालं. स्टीफन किंगची १९८३ची 'क्रिस्टीन' तिथे १८९९ सालची म्हणून नोंदली होती, हे जेफ्री नुनबर्ग यांनी २००९ साली दाखवून दिलं.

इथे अमेरिकेतल्या विद्यापीठांत मराठी पुस्तक पटकन सापडतं. त्यामागे पैसा आहेच, पण नुसता पैसा नाही. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीतलं ऑफिस भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन त्यांच्या नोंदी करत आलं. ते काम करणारी बहुतेक आपलीच माणसं. म्हणजे आपल्याला जमत नाही असं मुळीच नाही, आपण त्या कामाला किंमत देत नाही, इतकंच.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी पानांचा आकडा सांगितला, तर विचारा : किती पुस्तकांच्या नोंदी देवनागरीत आहेत, आणि त्या तपासल्या कोणी? उत्तर मिळेपर्यंत टाळ्या राखून ठेवा.