घराचा भाव वाढला, पण घरात काय आले?

घर पाहावे बांधून, ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर एकदा उभे राहिले की गृहस्थ निश्चिंत होत असे. आजच्या महानगरात घर घेणे जितके कठीण, तितकेच ते राखणेही कठीण होत चालले आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या शिक्षकाने वा कारकुनाने भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन दादर किंवा पार्ल्यात दोन खोल्यांची सदनिका घेतली. आज तिचा भाव कोटींच्या घरात गेला आहे. तथापि या भाववाढीने त्याच्या निवृत्तिवेतनात एका रुपयाचीही भर पडलेली नाही. घर विकले तर तो श्रीमंत. पण विकून राहावयाचे कोठे? अशा कागदावरच्या श्रीमंतीवर रोख कर किती आकारावा, हा मालमत्ता कराचा खरा प्रश्न आहे.

मुंबईत हा कर दीर्घकाळ घराच्या भाड्यावर आधारलेला होता. घरापासून वर्षाला किती भाडे मिळू शकेल, यावरून करपात्र मूल्य ठरत असे. परंतु १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली आणि प्रमाणभाड्यापलीकडे करआकारणी जाऊ शकत नाही, असा निर्वाळा न्यायालयांनी दिला. परिणामी गिरगावातील मोक्याच्या जागेवरील जुन्या इमारतीला नाममात्र कर, तर दूरच्या उपनगरातील नव्या सदनिकेला त्याच्या कितीतरी पट कर, अशी विपरीत स्थिती निर्माण झाली. ती बदलणे अगत्याचे होते, यात शंका नाही.

म्हणून १ एप्रिल २०१० पासून मुंबईत भांडवली मूल्यावर आधारित करपद्धती आली. मुद्रांक शुल्कासाठी शासन प्रसिद्ध करते ते ‘रेडी रेकनर’चे दर, घराचे क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि इमारतीचे वय यांवरून मूल्य ठरवावयाचे व दर पाच वर्षांनी त्याचा फेरविचार करावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. तत्त्व रास्त होते. अंमल मात्र वादग्रस्त ठरला. भूखंडावर भविष्यात किती बांधकाम होऊ शकेल, तेही मूल्यात धरणारे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय कायम केला. जे आज जमिनीवर उभे आहे त्यावर कर घ्यावा, उद्या उभे राहू शकेल त्यावर नव्हे, हा त्याचा मथितार्थ होय.

या वादात एक साधा हिशेब नेहमी दृष्टीआड होतो. शहरातील सर्वच घरांच्या किमती दुप्पट झाल्या आणि महापालिकेने कराचा दर निम्मा केला, तर कोणाच्याच देयकात फरक पडावयास नको. ज्या भागातील भाव इतरांहून अधिक वाढले, त्याचा वाटा वाढावा व जेथे ते मागे पडले, तेथील वाटा घटावा, एवढेच भांडवली मूल्याचे काम. महापालिकेला अधिक पैसा हवा असेल, तर तिने दर वाढवावा आणि तो का वाढवला हे नागरिकांना उघडपणे सांगावे. भाववाढीच्या आडून उत्पन्न वाढवणे म्हणजे करवाढ करून तिची जबाबदारी टाळणे होय.

मात्र करवाढीची भीती दाखवून सरसकट माफी वाटणे, हाही उपाय नव्हे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०१९ मध्ये सर्वसाधारण कर माफ झाला आणि २०२२ मध्ये संपूर्ण मालमत्ता कर. सामान्य कुटुंबांना त्याने दिलासा मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु मलबार हिलवरील ४९० फुटांची सदनिका करमुक्त आणि दहिसरची ५२० फुटांची करपात्र, याला न्याय म्हणता येईल काय? १ जुलै २०१७ पासून जकात बंद झाल्यावर महापालिकेच्या हाती स्वतःची जी मोठी साधने उरली, त्यांत हा कर प्रमुख आहे. रस्ते, शाळा, रुग्णालये यांचा खर्च माफीने नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या माथी जातो.

आकारणी गोठवून ठेवण्याचा मार्गही फसवा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७८ साली जनमताने असे ठरले की, घराची विक्री होईपर्यंत त्याचे करमूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवावयाचे नाही. जुन्या रहिवाशांचे रक्षण झाले खरे. पण एकसारख्या दोन शेजारी घरांच्या करात कित्येक पटींची तफावत पडली. मुंबईतही करोनाच्या साथीमुळे २०२० ची फेरआकारणी लांबणीवर पडली. लांबवलेली वाढ टळत नाही, ती साचते आणि पुढे एकदम अंगावर येते.

मग मार्ग कोणता? आकारणी वेळच्या वेळी व्हावी, एका वर्षातील वाढीला मर्यादा असावी आणि स्वतः घरात राहणाऱ्याचा निराळा विचार व्हावा. पुण्यात अशा घरमालकांना १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत मध्यंतरी बंद झाली होती. ती २०२३ मध्ये पुन्हा लागू करावी लागली, यातच तिची गरज सिद्ध होते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ५५ वर्षांवरील घरमालकांना कर पुढे ढकलण्याची सोय आहे. थकलेली रक्कम व्याजासह घराच्या विक्रीच्या वेळी वसूल होते. आपल्या वृद्धांसाठी अशी योजना करणे अशक्य नाही. घराच्या वाढलेल्या किमतीत शहराने वाटा जरूर मागावा. परंतु ती किंमत मालकाच्या हाती पडेल तेव्हा मागावा. त्याआधी मागावयाचा तो कर त्याच्या मिळकतीला पेलेल एवढाच असावा.