रसिकाचे देणे



चार संगीतप्रेमी एकत्र जमले की दोन प्रश्नांवर वाद ठरलेलाच : श्रेष्ठ कोण, आणि कोणता संग्रह पदरचे पैसे मोडून घ्यावा? चित्रपटगीतांविषयी असा वाद घरगुती करमणुकीपलीकडे जात नाही. तेथे निर्माता समर्थ असतो. परंतु चित्रपटाच्या आश्रयावाचून जे कलावंत आपली गीते आपणच रचतात आणि गातात, त्यांच्या बाबतीत रसिकाच्या शब्दाला व पैशाला निराळेच मोल येते.

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ ह्या वाद्यवृंदाचे उदाहरण घ्या. तो १९९० साली उभा राहिला. सुस्मित सेन यांची गिटार, असीम चक्रवर्ती यांचा तबला व गायन, राहुल राम यांची बास गिटार आणि अमित किलम यांचे ड्रम ह्यांच्या मेळातून त्याची ओळख घडली. त्याचा १९९७ चा ‘डेझर्ट रेन’ हा संग्रह प्रत्यक्ष मैफलीत ध्वनिमुद्रित झाला, तर ‘कंदिसा’ २००० साली आला. त्याचे शीर्षकगीत केरळमधील सिरियन ख्रिस्ती परंपरेतील प्राचीन प्रार्थनेवर आधारलेले आहे. त्याच संग्रहात ‘मा रेवा’ हे नर्मदेचे गीतही आहे. मैफलीचा जिवंतपणा ज्यांना प्रिय, ते पहिल्याची बाजू घेतात. रचनेचा रेखीवपणा ज्यांना भावतो, ते दुसऱ्याची. दोघांचेही खरे आहे, आणि अशा वादातूनच कान तयार होतो.

पुढे २००९ च्या डिसेंबरात असीम चक्रवर्ती निवर्तले. त्यांचा स्वर असलेला ‘१६/३३० खजूर रोड’ हा संग्रह सहकाऱ्यांनी २०१० पासून एकेक गीत करून महाजालावर विनामूल्य खुला केला. यावर कोणी म्हणेल, “कलावंतच फुकट देतात, तर आम्ही विकत का घ्यावे?” येथेच विचारात गफलत होते. दान देणे हा कलावंताचा अधिकार आहे. ते गृहीत धरणे हा रसिकाचा अधिकार नव्हे. ध्वनिमुद्रणाचा खर्च, वाद्यांची देखभाल आणि सरावाचे तास ह्यांचे मोल कोणाला तरी चुकवावेच लागते.

सुदैवाने वाट अवघड राहिलेली नाही. २००८ साली सुरू झालेल्या ‘बँडकॅम्प’ ह्या संकेतस्थळावर कलावंत आपल्या संग्रहाची किंमत स्वतः ठरवतो आणि रसिकाने स्वेच्छेने अधिक दिल्यास तेही स्वीकारतो. मैफली बंद पडल्या त्या काळात, २० मार्च २०२० रोजी, ह्या संस्थेने एक दिवस विक्रीतील आपला वाटा सोडून दिला होता.

तेव्हा घरात एक साधा नेम करून पाहावा. तीन महिन्यांतून एकदा सर्वांनी मिळून एक संग्रह निवडावा. घेण्यापूर्वी त्यातील दोन-तीन गीते ऐकावीत. घेतल्यावर मात्र तो आरंभापासून शेवटपर्यंत, हातची कामे बाजूस ठेवून, दोनदा ऐकावा. मग प्रत्येकाने आपले आवडते गीत व त्याचे कारण सांगावे. ‘छान आहे’ एवढ्यावर कोणास सुटू देऊ नये. आजोबांचे आणि नातीचे मत जुळले नाही, तर बिघडले कोठे? खर्च झेपत नसेल, तर कलावंताचे नाव चार जणांना आवर्जून सांगावे. तीही सेवाच होय.

आवड ही केवळ मनात ठेवण्याची वस्तू नव्हे. ज्या स्वराने आपली एक संध्याकाळ उजळली, त्याला दुसरे गीत रचण्याचे बळ आपण दिले काय, हे ज्याचे त्याने स्वतःस विचारावे.