रुग्णाच्या उशाशी बसलेला बिनपगारी कामगार

जयपूर शहराच्या दक्षिणेस, सांगानेरच्या बाजूला, राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसवलेली प्रताप नगर ही विस्तीर्ण वसाहत आहे. राजस्थान आरोग्यविज्ञान विद्यापीठाचे रुग्णालय याच वसाहतीत असून राज्य कर्करोग संस्थाही तेथेच आहे. जयपूरमधील गोरगरीब वस्त्यांतून आणि टोंक, दौसा, सवाई माधोपूर यांसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या कष्टकऱ्यांना मोठ्या आजारात अशा सरकारी रुग्णालयांखेरीज दुसरा आधार नाही. या आवारात जे चित्र दिसते, तेच थोड्याफार फरकाने मुंबई, नागपूर, इंदूर वा हैदराबाद येथील कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात दिसते. म्हणूनच प्रताप नगरच्या निमित्ताने सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या एका मूलभूत प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे.

एक रुग्ण दाखल झाला की त्याच्याबरोबर किमान दोन माणसे रुग्णालयात राहू लागतात. एक जण रांगा धरतो. पर्ची काढणे, जन आधार कार्डाची नोंद करणे, रक्ताचे नमुने तपासणीस पोहोचवणे, अहवाल आणणे, औषध वितरण केंद्रापुढे उभे राहणे, ही त्याची कामे. दुसरा, आणि बहुधा दुसरी, रुग्णाच्या उशाशी बसते. सलाईन संपत आले की परिचारिकेला हाक मारणे, कूस बदलणे, भरवणे, अंग पुसणे, क्ष-किरण तपासणीसाठी ट्रॉली ढकलत नेणे, हे तिच्याकडे येते. रात्री हीच माणसे वऱ्हांड्यात सतरंजी टाकून पडतात.

या श्रमाला कुटुंबाचे प्रेम असे नाव दिले जाते, आणि ते प्रेम आहेच. परंतु ज्या कामासाठी प्रशिक्षित आणि पगारी माणूस नेमणे हे शासनाचे कर्तव्य आहे, ते काम जेव्हा शेतमजुराची बायको रोजगार बुडवून करते, तेव्हा त्याला बिनपगारी श्रम म्हणतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात दर तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावयास हवी. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाचा भार एकदोन परिचारिकांवर सोपवला जातो, हा अनुभव मात्र देशातील कोणत्याही सरकारी रुग्णालयात राहिलेल्या कुटुंबाला सांगावा लागत नाही. निकष आणि वास्तव यांमधील ही दरी रुग्णाच्या नातेवाइकांनी भरून काढावी, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. पण सारी व्यवस्था तेच गृहीत धरून चालते.

कोविडच्या काळात हे गृहीतक उघडे पडले. २०२० मध्ये प्रताप नगरचे हे रुग्णालय कोविड रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले. संसर्गाच्या भीतीने देशभर नातेवाइकांना वॉर्डाबाहेर थांबवण्यात आले आणि रुग्णाला पाणी कोण देणार, हा साधा प्रश्न जीवनमरणाचा होऊन बसला. २०२१ मध्ये राजस्थान सरकारने हजारो तरुण-तरुणींना ‘कोविड आरोग्य सहायक’ म्हणून तात्पुरत्या मानधनावर नेमले. साथ ओसरताच ३१ मार्च २०२२ रोजी त्यांची सेवा संपुष्टात आणली गेली आणि त्यांना जयपूरच्या रस्त्यावर धरणे धरावे लागले. मनुष्यबळाची गरज आहे हे सरकारने संकटात मान्य केले आणि संकट टळल्यावर नाकारले! वॉर्डातील काम मात्र संपले नव्हते. ते पुन्हा नातेवाइकांच्या अंगावर टाकण्यात आले.

राजस्थानात काहीच झाले नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. २ ऑक्टोबर २०११ पासून तेथे मोफत औषध योजना सुरू झाली. राज्याच्या वैद्यकीय सेवा महामंडळाने तामिळनाडूच्या धर्तीवर औषधांची एकत्रित घाऊक खरेदी करून ती रुग्णांपर्यंत पोहोचवली. ७ एप्रिल २०१३ पासून मोफत तपासण्यांची योजना आली आणि २०२२ मध्ये सरकारी रुग्णालयांतील बाह्यरुग्ण व आंतररुग्ण उपचार निःशुल्क करण्यात आले. कष्टकरी जनतेच्या दृष्टीने ही मोलाची कमाई आहे, आणि तिचे रक्षण केलेच पाहिजे. पण औषध मोफत मिळाले म्हणजे शुश्रूषा मिळाली असे होत नाही. गोळीची किंमत शून्य झाली, तरी ती वेळेवर देणारा हात हवाच.

खर्चाचा हिशेबही पुरता मांडला पाहिजे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार, बाळंतपणे वगळता, सरकारी रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च ४,४५२ रुपये, तर खाजगी रुग्णालयात तो ३१,८४५ रुपये होता. सात पटींचा हा फरक सार्वजनिक रुग्णालयाचे महत्त्व सिद्ध करतो. परंतु वैद्यकीय खर्चाच्या या आकड्यात बुडालेली मजुरी धरलेली नाही. गावाकडे शेजाऱ्याच्या भरवशावर सोडलेली जनावरे, शाळा चुकवून घर सांभाळणारी थोरली मुलगी, सावकाराकडून उचललेले पैसे, यांची नोंद कोणत्याही बिलावर होत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च कुटुंबांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. त्याच वर्षी शासनाचा आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. नातेवाइकांचे श्रम या लेख्यांत कोठेही जमा धरलेले नाहीत.

माणसे कमी आणि देखरेख ढिली असली की त्याची किंमत कधी कधी प्राणांनी मोजावी लागते. ५ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री जयपूरच्याच सवाई मानसिंह रुग्णालयात, ट्रॉमा सेंटरच्या अतिदक्षता विभागाला आग लागून किमान सहा रुग्ण मृत्युमुखी पडले. धूर दिसताच आपण सूचना दिली होती, पण ती कोणी मनावर घेतली नाही, असा आक्रोश नातेवाइकांनी केला. सरकारने चौकशी समिती नेमली आणि काही अधिकाऱ्यांना पदावरून दूर केले. महाराष्ट्रातील वाचकांना हे सारे ओळखीचे वाटेल. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली. २०२३ मध्ये सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले. त्यांत बारा नवजात अर्भके होती. त्यानंतर सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराने तेथे येऊन काय केले? अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करवून घेतले! पदे आणि निधी मंजूर करणे ज्यांच्या हाती आहे, त्यांनीच संतप्त जनतेपुढे डॉक्टरला उभे करावे, यासारखी धूळफेक दुसरी नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सरकारी रुग्णालयात दुःखी नातेवाईक आणि थकलेला कर्मचारी समोरासमोर येतात, तेव्हा शब्दाला शब्द वाढतो आणि प्रसंगी हातही उगारला जातो. उर्मट बोलण्याचे, रुग्णाला वाऱ्यावर सोडण्याचे वा वॉर्डात पैसे मागण्याचे समर्थन कोणी करू नये. अशा तक्रारीची दखल घेतलीच पाहिजे. परंतु रात्रभर चाळीस खाटांमधून धावणारी परिचारिका, सलग छत्तीस तास काम करणारा निवासी डॉक्टर आणि कंत्राटदाराकडून तुटपुंजे वेतन घेणारा वॉर्डबॉय, हे रुग्णाचे शत्रू नव्हेत. नातेवाइकाला वऱ्हांड्यात झोपवणारी आणि परिचारिकेला दुप्पट राबवणारी काटकसर एकच आहे. दोघांनी एकमेकांशी भांडावे, यात फायदा त्यांचाच, ज्यांना सार्वजनिक रुग्णालय बदनाम करून रुग्ण खाजगी बाजाराकडे वळवायचा आहे.

हा बाजार किती प्रबळ आहे, हे राजस्थानने पाहिले आहे. २१ मार्च २०२३ रोजी राज्य विधानसभेने आरोग्य हक्क विधेयक मंजूर केले. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. आणीबाणीच्या प्रसंगी आगाऊ पैशांवाचून उपचार मिळावेत, ही त्यातील मध्यवर्ती तरतूद होती. खाजगी रुग्णालयांनी त्याविरुद्ध दोन आठवडे संप पुकारला. अखेरीस ४ एप्रिलला तडजोड होऊन पन्नासपेक्षा कमी खाटांची आणि सरकारी सवलती न घेतलेली खाजगी रुग्णालये कायद्याच्या कक्षेतून वगळण्याचे मान्य करण्यात आले. त्यानंतर दोन वर्षे उलटली तरी कायद्याचे नियमच तयार झाले नव्हते. वस्तुतः आणीबाणीतील उपचार हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच दिला होता. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या हकीम शेख या शेतमजुराला कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. पश्चिम बंगालमधील शेतमजूर संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली, म्हणूनच तो निकाल मिळाला.

आता प्रताप नगरच्या रुग्णालयाला दिल्लीच्या एम्सच्या धर्तीवर ‘राजस्थान आयुर्विज्ञान संस्था’ बनवण्याचे ठरले आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली. उच्च दर्जाच्या उपचारांना विरोध करण्याचे कारण नाही. त्यांची सर्वांत अधिक गरज गरिबांनाच आहे. परंतु स्वायत्ततेच्या नावाखाली शुल्क लागू होणार नाही ना, मोफत उपचारांचे छत्र कायम राहील ना, आणि नव्या यंत्रसामग्रीबरोबर ती चालवणारी कायम माणसे येतील ना, या प्रश्नांची लेखी उत्तरे जनतेने मागितली पाहिजेत.

मागण्या साध्या आहेत. परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे सर्व पदे कायमस्वरूपी भरावीत आणि कंत्राटी पद्धत बंद करावी. आरोग्य हक्काच्या कायद्याचे नियम करून तो अमलात आणावा. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात नातेवाइकांसाठी निवारा, स्वस्त जेवण आणि त्यांची तक्रार लिहून घेऊन मुदतीत उत्तर देणारा कक्ष असावा. राजस्थानात १९९५ पासून अस्तित्वात असलेल्या वैद्यकीय मदत सोसायट्यांसारख्या संस्थांच्या कारभारात रुग्ण आणि कर्मचारी यांच्या प्रतिनिधींना स्थान मिळावे.

या मागण्यांसाठी परिचारिका, वॉर्डबॉय, निवासी डॉक्टर आणि रुग्णांची कुटुंबे यांना एकत्र आणणे, हे कामगार आणि किसान संघटनांचे आज निकडीचे काम आहे. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या त्या बाईने त्याचा हात हातात घेऊन धीर द्यावा. तो तिचा अधिकार आहे. सलाईनकडे डोळे लावून रात्र जागण्याचे काम मात्र तिचे नाही. ते ज्याचे आहे, त्याच्याकडून ते करून घेतल्याशिवाय स्वस्थ बसता येणार नाही.