सोशीकपणा बर्फात उपयोगी नाही

‘सोशीक’ हा शब्द पुरुषाला लावलेला तुम्ही कितीदा ऐकलाय, मैत्रिणींनो? बैलाला हमखास लावतात, आणि बाईला रोज. म्हणूनच हिमपर्वतावर स्नोबोर्ड घेऊन चढणाऱ्या बायकांविषयी ‘केवढी ही सहनशक्ती!’ असं कौतुक वाचलं की मला आनंद होतो, आणि पाठोपाठ शंकाही येते.

हा खेळ आखलेल्या उतारांवरचा नव्हे, जिथे पाळण्यात बसून वर जाता येतं. हा त्यापलीकडच्या मोकळ्या डोंगरातला. बोर्डाचे उभे दोन भाग करायचे, ते दोन्ही पायांना बांधायचे, तळाला लव असलेले पट्टे चिकटवायचे म्हणजे पाय मागे घसरत नाही. तासन्‌तास असं चढायचं, माथ्यावर दोन भाग जोडून पुन्हा एक फळी करायची आणि काही मिनिटांत खाली यायचं. दम, मांड्या, थंडी, भूक, सगळ्यांची परीक्षा होते. पण जीव जातो तो बहुधा दम संपल्यामुळे नव्हे. उतरायला मजा येते ते ३० ते ४५ अंशांचे उतारच हिमस्खलनाचे उतार असतात, आणि प्राणघातक अपघातांत बर्फाचा थर बहुतेक वेळा त्या गटातल्याच कुणाच्या तरी भारानं सुटतो. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तरच खरी आशा. म्हणजे वाचवणार त्या सोबतच्या मैत्रिणी. बाहेरची मदत येईपर्यंत उशीर झालेला असतो.

बायकांनी तिथे जाऊ नये, असं मी मुळीच म्हणत नाही. ते म्हणणारे पुष्कळ होऊन गेले. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, काही दमलेल्या दिसल्या, तर ती शर्यतच बंद झाली. ती परत यायला १९६० उजाडलं. मॅरेथॉन मिळाली १९८४ मध्ये. स्की-उडी बायकांच्या शरीराला योग्य नाही, असं २००५ मध्येसुद्धा एक बडा पदाधिकारी बोलून गेला, आणि ती २०१४ पर्यंत मिळाली नाही. (बाळंतपण मात्र योग्य!) स्नोबोर्ड हा तरुण खेळ, म्हणून १९९८ मध्ये नागानोला तो आला तेव्हा बायका पहिल्याच दिवसापासून त्यात होत्या.

एस्तेल बाले ही स्विस मुलगी २०१५ आणि २०१६, अशी लागोपाठ दोन वर्षं मोकळ्या उतारांवरच्या स्नोबोर्डची जगज्जेती झाली. १९ एप्रिल २०१६ ला, चित्रीकरण चालू असताना, ती हिमस्खलनात गेली. वय २१. पुरुष असा गेला की तो वीर ठरतो. बाई गेली की ‘काय अडलं होतं?’ हा दुजाभाव मला मान्य नाही. तिचा धोका तिचा होता.

मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. १९ फेब्रुवारी २०१२ ला अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या स्टीव्हन्स पास इथून सोळा जण मोकळ्या उतारावर निघाले. बहुतेक स्की घातलेले, जवळजवळ सगळे मुरलेले. धोक्याचा इशारा दिलेला होता. तिघे गेले. एलिस सॉगस्टॅड ही व्यावसायिक स्कीपटू पाठीवरची हवेची पिशवी फुगवल्यामुळे वाचली. नंतर त्यातल्या कित्येकांनी सांगितलं, मनात पाल चुकचुकली होती, पण बोललो नाही. इतके जाणकार बरोबर असताना आपणच कसं अडवायचं?

मनात आलेलं गिळण्याचा आपल्याला किती सराव! नको असताना ‘चालेल’ म्हणायचं, दुखत असताना ‘काही नाही’ म्हणायचं. पुरुषांच्या गटात कशीबशी जागा मिळालेली बाई तर आणखीच गप्प बसते. ‘थांबू या’ म्हटलं तर ‘भित्री, बाईच ती’ हे ठरलेलं. मग ती दात-ओठ खाऊन चढत राहते, आणि आपण त्याला जिद्द म्हणतो.

इअन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ मधले ७१५ अपघात तपासले. त्यांत बायका असलेल्या गटांनी निव्वळ पुरुषांच्या गटांपेक्षा जास्त धोका पत्करलेला दिसला. (म्हणजे दोष पुन्हा बाईच्या असण्याला, असं वाटेल. तसं नाही.) त्यांनी लावलेला अर्थ असा, की समोर बाई असली की पुरुषाला शौर्य दाखवायचं असतं. तो दाखवतोय आणि ती बोलत नाहीये, असे दोघं एका उतारावर उभे असतील तर थर कुणाच्या भारानं सुटला याला फारसा अर्थ उरत नाही.

तेव्हा मर्यादा ताणायची तर आधी ही ताणावी. थकल्यावर आणखी शंभर पावलं चालणं आपल्याला नवीन नाही. भर गटात, माथा दिसत असताना, ‘मला हा उतार पटत नाही’ असं मोठ्यानं म्हणणं नवीन आहे. हिमस्खलनाच्या शिक्षणात आता शिकवतात की निघण्यापूर्वीच ठरवावं, एकाचाही नकार आला तर सगळे परत फिरतील, आणि त्याचं कारण कुणी मागायचं नाही.

सॉगस्टॅडनं पुढे आपल्या स्कीपटू मैत्रिणींबरोबर फक्त बायकांसाठी हिमस्खलनाचे वर्ग सुरू केले. फक्त बायकांसाठीच का, असं विचारणाऱ्यांनी कुठल्याही मिश्र गटात शोधयंत्र कुणाच्या हातात असतं आणि चहाचा थर्मास कुणाच्या, ते एकदा पाहून यावं.